प्रार्थना, पूर, वाघ आणि बर्फ : असा सिनेमा घरात सगळ्यांनी मिळून बघावा का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळेत मोठा टीव्ही आला, घरोघरी मोबाईल आले, आणि पालकसभेत खिचडीच्या तक्रारींच्या जोडीला सिनेमाचे प्रश्न येऊ लागले. एका प्रकारच्या सिनेमापाशी पालक हमखास अडतात. माणूस मरणाच्या दारात आहे, देवाचा धावा करतोय, आणि शेवटी वाचतोय. देवाधर्माचं आहे म्हणजे चांगलंच असणार या भरवशावर सगळं घर बसतं, आणि अर्ध्या तासात धाकटं पोर आईच्या पदरात तोंड लपवतं. खालचे प्रश्न पालकांचे आहेत, उत्तरं माझी.

आपण देवाचे सिनेमे लहानपणापासून बघतोच की. मग यालाच एवढा विचार कशाला?

संतपटात चमत्कार ठरलेला असतो. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये वैकुंठाहून विमान येतं, तेव्हा ते कसं उडतं हे कोणी विचारत नाही. बघणारा हात जोडतो, पोर टाळ्या वाजवतं, आणि दुसऱ्या दिवशी कोणी अंगणात विमानाची वाट बघत बसत नाही.

जिवावरच्या संकटाचा सिनेमा वेगळ्या चालीनं जातो. त्यातली थंडी खरी वाटते, जखम खरी वाटते, तहान खरी वाटते, आणि पुष्कळदा सुरुवातीलाच 'सत्यघटनेवर आधारित' अशी पाटी येते. त्यामुळे मूल जखमेवर जितका विश्वास ठेवतं तितकाच प्रार्थनेनंतर जे घडतं त्यावरही ठेवतं. म्हणून रक्त किती सांडलं एवढं मोजून भागत नाही. देवाकडून काय झालं असं सिनेमा सांगतो, तेही बघावं लागतं.

सर्टिफिकेट असतंच ना? ते बघितलं की झालं.

अर्धं काम होतं. आधी ते सर्टिफिकेट नीट वाचायचं कसं ते सांगते.

थिएटरच्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड दाखला देतं. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. मधला 'यूए' पूर्वी एकच होता. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं त्याचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हे आकडे आईबापांना सूचना म्हणून आहेत. यूए १३+ सिनेमाला तुम्ही आठ वर्षांचं पोर घेऊन गेलात तर दारावरचा माणूस अडवणार नाही, ठरवायचं तुम्हीच. 'ए' असेल तर मात्र अठराच्या आतल्याला आत सोडत नाहीत, आईबाप सोबत असले तरी.

मोबाईलवरच्या ओटीटीचं गणित निराळं. तिथं २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनी स्वतःच वर्गवारी लावते. १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना पालकांसाठी कुलूप लावायची सोय देणं तिला बंधनकारक आहे. ते कुलूप आपल्याकडं कोणी लावत नाही, कारण मोबाईलचा पासवर्ड घरात सगळ्यात आधी पोरालाच माहीत असतो.

आणि पेनड्राईव्हवरून किंवा कोणीतरी पाठवलेल्या लिंकवरून आलेल्या सिनेमाला दाखलाच नसतो. गावात निम्मे सिनेमे असेच फिरतात.

राहिलं दुसरं अर्धं काम. बोर्ड भारतातल्या कुठल्याही पोराचा विचार करून आकडा लावतं. तुमच्या ओसरीत कोण बसलंय ते बोर्डाला ठाऊक नसतं.

अमेरिकेचं पीजी-१३ आणि आपलं यूए १३+ एकच का?

नाही. पीजी-१३ ही तिथं १९८४ पासून चालत आलेली पालकांसाठीची ताकीद आहे, आणि ती लावतात तिथल्या समाजाला काय खटकतं ते बघून. त्यांचा 'आर' दाखलाही आपल्या 'ए'सारखा नाही. सतराच्या आतलं मूल मोठ्या माणसासोबत 'आर' बघू शकतं. परदेशी सिनेमावर नुसतं 'पीजी' (म्हणजे पालकांनी बघून ठरवावं) दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

मग बाई, आधी नेमकं बघायचं तरी काय?

मी शेवटचा अर्धा तास आधी बघते. माझ्या घरच्यांना याचा राग येतो, पण मजा जाईल याची मला फिकीर नाही, मी काही तिकीट काढून बसलेली नसते. त्या अर्ध्या तासात मला एकच शोधायचं असतं: जे वाचले नाहीत त्यांचं सिनेमानं काय केलं?

या प्रकारच्या बहुतेक सिनेमांत कोणी ना कोणी मरतं. बोटीतला सोबती, बर्फातला मित्र, सोडवायला गेलेला पाणबुड्या. सिनेमा त्यांना विसरून नायकाच्या गळ्यात हार घालतो, की त्यांचं नाव घेतो? त्यांची प्रार्थना कमी पडली असं कोणी सुचवतं का? की त्यांनीही तेवढ्याच मनानं देवाला हाक मारली होती आणि तरी गेले, हे तो प्रामाणिकपणे सांगतो? या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तर रक्ताचा एखादा प्रसंग मी सोडून देते. उलट एक थेंब रक्त नसलेला गोडगुळमट सिनेमा मी याच कारणावरून बाजूला ठेवलेला आहे.

पण 'देवाचं नाव घेतलं म्हणून वाचला' यात वाईट काय? श्रद्धा तर वाढते.

ज्या घरातलं माणूस वाचलंय, त्या घरात वाढते. आमच्या भागात दर उन्हाळ्याला मोहफुलं वेचायला, पुढं तेंदूपत्ता तोडायला बाया-माणसं पहाटे जंगलात जातात. सगळीच परत येतात असं नाही. पावसाळ्यात रोवण्याच्या वेळी वीज पडते. पुरात नाल्यावरून कोणी वाहून जातं. या घरांमधली पोरं माझ्या वर्गात बसतात.

एकदा असाच एक सिनेमा संपल्यावर चौथीतली एक मुलगी बाकावरच बसून राहिली. पाटीच्या कडेचा रंग नखानं खरवडत होती. मग वर न बघता म्हणाली, "बाई, मोठी आई पण रोज दिवा लावत होती ना?" तिची मोठी आई आदल्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत वाघानं नेली होती. मी म्हटलं, "हो, लावत होती. मी पाहिलंय." ती म्हणाली, "मग?" मी तिला सांगितलं की वाघाला दिव्याचं काही कळत नाही, आणि मोठी आईचं काहीही चुकलं नव्हतं. तिला बहुतेक हे दुसरं वाक्यच हवं होतं. पाटी दप्तरात घालून ती गेली.

जो सिनेमा बघून पोराला असा प्रश्न पडेल आणि त्याचं उत्तर सिनेमात कुठंच नसेल, तो तुमच्या घरासाठी आहे का ते तुम्ही ठरवा. उत्तर द्यायला तुम्ही जवळ बसणार असाल तर गोष्ट वेगळी.

'लाइफ ऑफ पाय'मध्ये वाघ आहे. आमचं गाव जंगलाला लागून. दाखवावा का?

हा प्रश्न पुण्यामुंबईत कोणी विचारणार नाही, आमच्याकडं सगळ्यात जास्त येतो.

२०१२ चा हा सिनेमा. पाँडिचेरीच्या प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा मुलगा जहाज बुडाल्यावर एका होडीत वाघासोबत २२७ दिवस काढतो. पोरगा हिंदू घरातला, तो चर्चमध्येही जातो आणि नमाजही पढतो. अमेरिकेत त्याला पीजी दाखला आहे. पाणी, आकाश आणि मासे इतके सुंदर आहेत की लहान पोरं तोंड उघडं ठेवून बघतात.

आमच्या भागासाठी त्यातला सगळ्यात मोलाचा प्रसंग सुरुवातीलाच येतो. पोराला वाघ मित्र वाटतो, तेव्हा बाप त्याच्यासमोर पिंजऱ्याला बकरी बांधतो आणि वाघ काय असतो ते दाखवतो. आई विरोध करते, बाप ऐकत नाही. शहरातल्या आईबापांना हा बाप निर्दय वाटत असेल. आमच्या वर्गात त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पुढं पोरगा शिट्टी आणि काठी घेऊन वाघाला हद्द शिकवतो, तिथं मी थांबवून बोलते. तो समुद्र, ती होडी, तो सिनेमा. शेळ्या चारायला गेलेल्या पोरानं शिट्टी वाजवून बघू नये. शेवटी वाघ मागं वळूनही न बघता जंगलात निघून जातो, ते मला फार आवडतं. वाघदेवाला मानणारी आमच्याकडची म्हातारी माणसंही वाघाकडून आभाराची अपेक्षा करत नाहीत.

खरी अडचण शेवटच्या दहा मिनिटांत आहे. दवाखान्यात पोरगा तीच गोष्ट जनावरांशिवाय सांगतो, आणि त्यात माणसंच माणसांना मारतात, त्याच्या आईलासुद्धा. हे पडद्यावर दिसत नाही, नुसतं बोलून सांगितलंय. त्यामुळे लहानांना ते कळत नाही आणि दहा-बारा वर्षांच्यांना बरोब्बर कळतं. घरात कोणाला वाघानं नेलं असेल तर हा सिनेमा मुळात नकोच. नाहीतर दहाच्या पुढं, मोठं माणूस शेजारी हवं.

एका सिनेमात आई प्रार्थना करते आणि मेलेला मुलगा उठतो. असा सिनेमा दाखवायचा?

तुम्ही म्हणताय तो 'ब्रेकथ्रू', २०१९ चा. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात २०१५ च्या जानेवारीत चौदा वर्षांचा मुलगा गोठलेल्या तळ्याच्या बर्फातून खाली गेला, त्या घटनेवरचा. दाखला पीजी. मारामारी नाही, शिवीगाळ नाही म्हटली तरी चालेल. वरवर बघता याच्याइतका घरगुती सिनेमा मिळणार नाही. मी मात्र याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलते.

पहिलं कारण पाणी. तो मुलगा बर्फाच्या पाण्यात होता. इतक्या थंडीत शरीर झपाट्यानं गार पडतं, मेंदूला प्राणवायू कमी लागतो, आणि क्वचित कोणी बराच वेळ बुडूनही वाचतं, तेसुद्धा तातडीनं बाहेर काढून मोठ्या इस्पितळात नेल्यावर. आमची विहीर, बोडी (शेतातलं लहान तळं), नाला यांचं पाणी तसं नाही. इथं हातात मिनिटं असतात, तीही थोडी. सिनेमा बघून पोरांच्या डोक्यात 'आईनं हाक मारली की उठतो' एवढंच उरलं तर ते धोक्याचं आहे.

दुसरं कारण साप. धानाच्या बांधीत, कापसाच्या रानात साप चावला की अजूनही काही घरं आधी मांत्रिकाकडं धावतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. म्हणून सिनेमा संपला की मी पोरांना त्यातले हात मोजायला लावते. बर्फात उतरलेले अग्निशमन दलाचे जवान, छाती दाबणारे डॉक्टर, इस्पितळातल्या नर्स. आईची प्रार्थना चालू होती तेव्हा या सगळ्यांचं कामही चालू होतं. प्रार्थना करू नका असं मी कोणाला सांगत नाही. आधी १०८ लावा, मग गाडी येईपर्यंत जे नाव घ्यायचं ते घ्या.

एक गोष्ट त्या सिनेमाच्या बाजूनं सांगायला हवी. मुलगा शाळेत परततो तेव्हा 'तूच का वाचलास' हा प्रश्न त्याच्या अंगावर येतो आणि त्याच्याकडं उत्तर नसतं. तेवढ्या प्रसंगासाठी मी तो बारा-तेरा वर्षांच्या पोरांना दाखवायला तयार आहे.

बर्फात अडकलेली माणसं मेलेल्यांचं मांस खातात असा एक सिनेमा आहे म्हणे. आमचं घर माळकरी.

'सोसायटी ऑफ द स्नो', २०२३. घटना १३ ऑक्टोबर १९७२ ची. उरुग्वेच्या रग्बी खेळाडूंना नेणारं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. विमानात ४५ माणसं होती, ७२ दिवसांनंतर १६ जिवंत परतली. खायला काहीच उरलं नाही तेव्हा त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. पोरं कॅथलिक होती. हे पाप आहे का यावर त्यांच्यात वाद झाला, आणि काहींनी 'मी मेलो तर माझं शरीर घ्या' अशी आपसात परवानगी देऊन ठेवली.

लहानांसाठी हा सिनेमा नाही, यात शंका नको. अमेरिकेत त्याला 'आर' आहे. विमान तुटण्याचा प्रसंग इतका अंगावर येतो की मोठी माणसंही खुर्ची धरतात. माळकरी किंवा महानुभाव घरातल्या आजी-आजोबांना तो न सांगता लावू नका. आधी दोन वाक्यांत विषय सांगा आणि उठून जायची मोकळीक द्या. मांसाचा भाग ओंगळपणे दाखवलेला नाही, पण तो टाळताही येत नाही.

असं असूनही माझ्या कसोटीवर हाच सिनेमा सगळ्यात खरा उतरतो. त्याची गोष्ट सांगतो तो मुलगा स्वतः वाचत नाही. मेलेल्यांची नावं, वयं पडद्यावर येतात. वाचलेल्यांना देवानं निवडलं असं कुठंही म्हटलेलं नाही. अकरावी-बारावीच्या मुलांनी आईबापांसोबत जरूर बघावा, आणि दुसऱ्या दिवशी पेपर नसावा.

सिनेमा ख्रिश्चन आहे, मुसलमान आहे. पोरांच्या मनावर परिणाम नाही होणार?

होईल. शेजारचं माणूस संकटात कोणाला हाक मारतं, हे त्यांना कळेल. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसलेली माणसं अजून गावोगाव आहेत, त्यांना याची भीती वाटलेली मी पाहिली नाही. केरळच्या माणसाला अरबस्तानात बकऱ्या राखायला डांबून ठेवतात, तो 'द गोट लाइफ' आमच्या एका गुराख्यानं हिंदीत बघितला. नायक कोणत्या देवाचं नाव घेतो यापेक्षा त्याला पाणी किती वेळ मिळालं नाही, यावर तो तासभर बोलला. (तहानेनं होणारा मृत्यू त्यात फार जवळून दाखवलाय. लहानांना नको.)

तरीही एक बघावं. दुसऱ्या धर्माच्या माणसाला सिनेमा खलनायक करतो का? एकाच धर्माचा माणूस वाचतो आणि बाकीचे अडाणी ठरतात का? तसं असेल तर तो आपल्या धर्माचा असला तरी बाजूला ठेवावा.

आम्ही बौद्ध. देव मानत नाही. मुलांना हे दाखवायचं कशाला?

रास्त प्रश्न. नागपूरच्या दीक्षाभूमीची परंपरा असलेल्या विदर्भात तो दर पालकसभेत येतो, आणि यायलाही हवा. नसेल दाखवायचा तर नका दाखवू, त्यानं पोराचं काही अडत नाही. दाखवायचाच तर 'थर्टीन लाइव्ह्ज' बघा, २०२२ चा. २०१८ च्या जूनमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत पावसाचं पाणी शिरलं आणि फुटबॉलची बारा पोरं त्यांच्या प्रशिक्षकासोबत अडकली. प्रशिक्षक पूर्वी विहारात राहिलेला. त्यानं पोरांना अंधारात शांत बसायला, ध्यान करायला शिकवलं. बाहेर गावकरी प्रार्थना करत होते, आणि शेतकऱ्यांनी डोंगराचं पाणी स्वतःच्या धानात सोडू दिलं. पीक गेलं तरी चालेल म्हणाले. तेरा जण सुखरूप निघाले, थाई नौदलाचा एक माजी पाणबुड्या त्या कामात गेला, आणि सिनेमा त्याला विसरत नाही. त्यातल्या धानाच्या प्रसंगाला आमच्या शाळेतले बाप लोक गप्प झाले होते. अमेरिकेत पीजी-१३ आहे. अंधाराची किंवा कोंडलेल्या जागेची भीती असलेल्या मुलाला जड जाईल.

नवरा खाणीत कामाला आहे. खाणीत अडकलेल्यांचा सिनेमा बघावा का?

आधी त्यांना विचारा, तेही पोरांसमोर नाही. बल्लारपूर, वणीकडच्या घरांमध्ये हा विषय दूरचा नाही. चिलीत २०१० साली ३३ कामगार ६९ दिवस जमिनीखाली होते, रोज एकत्र प्रार्थना करायचे, आणि सगळे बाहेर आले. आपल्या देशात १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या रानीगंजच्या खाणीत पाणी घुसलं, तेव्हा अभियंता जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूलमधून ६५ जणांना वर काढलं. दोन्हींवर सिनेमे आहेत. शेवट गोड असला तरी दुसऱ्या दिवशी बाप डबा घेऊन निघतो, तेव्हा पोर दारात काय विचारेल याचा विचार आधी करा.

घरात नुकताच मृत्यू झालाय. कोणी जीव दिलाय.

मग आत्ता नको.

हे उत्तर लांबवायचं कारण एवढंच की विदर्भात हे घर विरळ नाही. या सिनेमांमध्ये बहुतेक ठिकाणी एक प्रसंग असतो, जिथं माणूस 'आता नको' म्हणून हात सोडतो, आणि मग त्याला काहीतरी दिसतं किंवा ऐकू येतं आणि तो पुन्हा उठतो. ज्याच्या बापाला असं काही ऐकू आलं नाही, त्या पोरानं हे बघायची गरज नाही. 'श्रद्धा असती तर टिकला असता' असा सूर असलेला सिनेमा तर अशा घरात कधीच नको, वर्षं लोटली तरी. सिनेमानं मन घट्ट होईल असं पाहुणे सांगतात, त्यांना चहा द्या आणि टीव्ही बंद ठेवा. घरात कोणाचं मन बुडत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

कितव्या वर्षापासून दाखवायला हरकत नाही?

सातच्या आत नको, कारण तिथं 'सिनेमा आहे, खोटं आहे' हे वाक्य चालत नाही. आठ ते दहाला जनावर आणि पाणी झेपतं, आईबापापासून ताटातूट झेपत नाही. मी ताटातुटीचा प्रसंग किती लांब आहे ते घड्याळ लावून बघते. अकरा-बाराला 'असं का झालं' हे विचारायला लागतात, आणि या सिनेमांची खरी वेळ तीच. पंधरानंतर मूल एकटं बघणारच आहे, निदान पहिला तुमच्यासोबत बघू द्या.

वाईट भाग आला की पुढं ढकलला तर?

संकटच गाळलं तर उरतं काय? नुसती प्रार्थना आणि लगेच सुटका. पोराला वाटेल देव म्हणजे बटण. भागच ढकलावे लागत असतील तर तो सिनेमा अजून दोन वर्षं थांबू शकतो.

मधेच बंद करायला मात्र हरकत नाही. फक्त पोर घाबरलेल्या प्रसंगावर बंद करू नका, नाहीतर रात्रभर ते तिथंच अडकून राहतं. पुढच्या सुखरूप जागेपर्यंत न्या आणि मग बंद करा.

आजी-आजोबांचं काय?

त्यांची तक्रार भीतीची कमी, लांबीची जास्त. 'द गोट लाइफ' जवळजवळ तीन तासांचा आहे, 'सोसायटी ऑफ द स्नो' अडीच तासांच्या घरात. डुकरं धानात शिरू नयेत म्हणून जागलीला जाणारा माणूस एवढा वेळ बसत नाही. दोन रात्रींत वाटून बघा. आणि म्हातारी माणसं सिनेमा चालू असताना देवाला हात जोडतात, त्यांना हसू नका. सिनेमा बाजूला राहून त्यावरूनच घरात भांडण झालेलं मी पाहिलं आहे.

सत्यघटनेवर आधारित म्हणजे सगळं खरं?

ठिकाण, साल, किती माणसं, हे सहसा खरं. कोण काय बोललं, देव कधी आठवला, हे सहसा लेखकाचं.

गणपती मंडळात किंवा सप्ताहात पडद्यावर लावू का?

मालकाच्या परवानगीशिवाय नाही. ओटीटीचं घरातलं खातं घरापुरतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळांना सवलत आहे: शाळेच्या उपक्रमात सिनेमा दाखवता येतो, पण बघणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोकच हवेत. सगळा गाव बोलावला की सवलत संपली. शिवाय मंडळात साडेतीन वर्षांचं पोर आणि ऐंशी वर्षांचा बुढा एकाच सतरंजीवर बसतात, त्यांना एक सिनेमा पुरत नाही.

सिनेमा संपल्यावर पोरांशी बोलायचं काय? मला तर सुचत नाही.

भाषण देऊ नका. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारत सुटायचे, तीच रीत धरा. कोणाला सगळ्यात जास्त भीती वाटली होती? कोणी मदत केली? जो मेला त्यानं काय चूक केली होती? या तिसऱ्या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर आलं की माझं काम झालं. उत्तर आलं नाही तर मीच देते आणि विषय बदलते. दिवा बंद करून झोपल्यावर पोर पुन्हा विचारतं, तेव्हा 'उद्या बोलू' म्हणू नका. अंधारातच बोला.

ठीक आहे बाई, सुरुवात कोणत्यापासून करू?

'सोल सर्फर', २०११ चा. हवाईमधली तेरा वर्षांची बेथनी हॅमिल्टन समुद्रात लाटांवर फळी घेऊन खेळायची, २००३ मध्ये शार्कनं तिचा डावा हात तोडला, आणि महिन्याच्या आत ती परत पाण्यात उतरली. शार्कची जात टायगर शार्क, म्हणजे वाघ तिथंही सुटला नाहीच. हल्ल्याचा प्रसंग क्षणभराचा आहे, दाखला पीजी. ती देवाला 'माझ्याच बाबतीत का' असं विचारते आणि तिला झटपट उत्तर मिळत नाही. पुढं ती त्सुनामीनंतर थायलंडला मदतीला जाते, तिथं तिच्या लक्षात येतं की हात गेलेली मुलगी दुसऱ्याच्या कामाला येऊ शकते. ताटातूट नाही, आईबाप शेवटपर्यंत सोबत.

आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं नुसत्या लाटांवर जातात. त्यानंतरचा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, एका हातानं ती वेणी कशी घालते? त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मागच्या बाकावरच्या दोघी मात्र एक हात पाठीमागं बांधून प्रयत्न करून बघत होत्या.